नजरेची उडी

माझी मातृभाषा कानडी. जत तालुक्याच्या पूर्व भागातलं आमचं गाव. सातवीपर्यंतचं शिक्षण कन्नड शाळेत. मराठी बोलायला आठवड्याच्या बाजारात शिकले, सलग वाचायला मात्र आठवीपासून. सांगलीला कॉलेजात आले आणि पहिल्याच महिन्यात सरांनी उतारा वाचायला उभं केलं. 'निशिगंध' या शब्दापाशी माझी गाडी अडली. बोट ठेवून वाचू लागले आणि वर्ग हसला. पुढे दोन वर्षं मी मागचा बाक सोडला नाही.

माझी अडचण सांगणार कुणाला? कानडीत इकार अक्षराच्याच डोक्यावर बसतो. मराठीत ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते आणि उच्चारायची मागून! रफार कानडीत अक्षरानंतर लिहितात, मराठीत तो डोक्यावर. म्हणजे नजरेनं पुढं जायचं, परत यायचं.

पुढे वाचनात आलं, की नजर ओळीवरून घरंगळत जात नाही. ती उड्या मारते आणि दर उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबते. थांबते तेव्हाच वाचते! सरावलेल्याची उडी लांब, नवशिक्याची आखूड. तो मागंही फार वळतो. चिनी लिहिताना तर दोन शब्दांत जागाच सोडत नाहीत. परक्या वाचकाला आधी शब्द कुठे संपला तेच शोधावं लागतं.

मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याला मावशीकडे असताना मोडीच्या वर्गाला गेले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दप्तरात चाललेली ही लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. जुन्या कागदांत शब्द तोडलेले नसतात. सरांनी फळ्यावर मोडीत लिहिलं, 'गावातलावणीझाली.' शेजारची मुलगी अस्सल सातारची, घरची मराठी. तिनं वहीत उतरवून घेतलं, बोट ठेवलं : "गावातला... वणी..." आणि थबकली. पुढचे बाकही गप्प. पुढं बघून मागं यायची सवय माझ्या नजरेला आधीचीच. मी म्हटलं, "गावात लावणी झाली."

कुणी हसलं नाही. तिच्या बोटाकडे पाहून मलाही हसू आलं नाही. ते बोट माझ्या ओळखीचं होतं.

मित्रांनो, यापुढे वर्गात कुणी बोट ठेवून वाचू लागलं, तर क्षणभर थांबा. त्याची नजर उडी घ्यायला शिकते आहे.