मालपेचा वारा आणि लाव्हाचे बेट

आम्ही पठारावरची माणसे. पाणी म्हटले की आम्हाला आठवते ती मांजरा नदी, गावची विहीर, नाहीतर उन्हाळ्यात येणारा टँकर. त्यामुळे गेल्या डिसेंबरात मुलांनी "समुद्रावर जाऊ, पाण्यातले खेळ खेळू" असा हट्ट धरला तेव्हा घरात एकदम शांतता पसरली. त्याला कारणही तसेच होते.

माझे माहेर भालकीकडचे, मराठी. सासर कलबुर्गी जिल्ह्यातले, कन्नड. लग्न होऊन आले तेव्हा भाषेबरोबर घरातला एक नियमही शिकले : 'नीराग इळीब्याड', म्हणजे पाण्यात उतरू नकोस. माझे धाकटे दीर चौदाव्या वर्षी शहाबादी फरशीच्या एका बंद पडलेल्या खाणीत, साठलेल्या पावसाच्या पाण्यात मित्रांबरोबर पोहायला गेले ते परत आलेच नाहीत. सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. तेव्हापासून अव्वांनी घरातल्या कुणालाही पाण्यात उतरू दिलेले नाही. माझी दोन्ही मुले त्यामुळे पोहायला शिकली नव्हती.

शेवटी उडुपीच्या कृष्णाचे निमित्त सापडले. ज्या झरोक्यातून कनकदासांना देवाने दर्शन दिले असे म्हणतात, ती 'कनकन किंडी' पाहण्याची अव्वांची फार दिवसांची इच्छा होती. हुबळीमार्गे रात्रभर प्रवास करून आम्ही उडुपीला उतरलो. यांनी रिक्षावाल्याशी दोन वाक्ये बोलताच त्याने हसून विचारले, "गुलबर्गा कडेयवरा?" आमचे 'बर्री, कूड्री' तिथे लपत नाही. तिकडची कन्नड पुस्तकातल्यासारखी, आणि आपापसात सगळे तुळू बोलतात. राज्य एकच, पण आम्ही तिथे पाहुणेच!

दर्शन झाल्यावर दुसऱ्या दिवशी मालपेला गेलो. हे गाव उडुपीपासून जेमतेम सहा किलोमीटरवर. मोठे मासेमारी बंदर, शेजारी लांबच लांब वाळूचा किनारा. बंदरातून सेंट मेरीज बेटांकडे होड्या सुटतात. इरकली लुगड्यावर नारिंगी लाइफ जॅकेट घालून अव्वा होडीत बसल्या खऱ्या, पण बेट येईपर्यंत त्यांनी नातीचा हात सोडला नाही.

या बेटांना तिकडे तोन्सेपार असेही म्हणतात. चार मुख्य बेटे आहेत. त्यांतल्या एकाचे नाव दर्याबहादूरगड, हे ऐकून माझ्या मराठी कानांना बरे वाटले. प्रवासी जातात ते नारळाच्या झाडांचे बेट. वास्को द गामा १४९८ साली इथे उतरला आणि त्याने मेरीमातेचे नाव दिले, अशी आख्यायिका आहे. एका बाजूला वाळूऐवजी शिंपल्यांचा चुरा पसरलेला. पण खरे पाहण्यासारखे आहेत ते इथले दगड. पाच-सहा बाजूंचे खांब कुणी तासून एकाला एक चिकटवून उभे केले असावेत, असे वाटते. माणसाच्या हाताचा मात्र त्यात काही संबंध नाही. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी, मादागास्कर भारतापासून वेगळा होत असताना इथे लाव्हा वर आला. तो थिजताना आकसला आणि आकसताना त्याला अशा नेमक्या भेगा पडल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने हे ठिकाण राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवले आहे.

मुलाला हे समजावताना मला आमचे शेत आठवले. एप्रिलमध्ये तुरीच्या रानातली काळी माती वाळून आकसते आणि तिला अशाच पाच-सहा कोनी भेगा पडतात. तिथे पाणी जाते, इथे उष्णता गेली, एवढाच फरक. आणि ती काळी माती तरी कुठून आली? दख्खनच्या लाव्हातूनच. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे या बेटापेक्षा धाकटा. बिदरचा किल्ला ज्या जांभ्या दगडावर उभा आहे, तोही त्याच काळ्या दगडाची झीज होऊन झालेला. अव्वा एका खांबावर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे हा आपल्याकडच्या दगडाचा दोड्डप्पाच की!" थोरला काका! भूगोलाचा धडा एका शब्दात संपला.

बेटावर खडकांच्या बाजूने पाण्यात उतरू देत नाहीत. जीवरक्षक सारखी शिट्टी वाजवत असतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये केरळहून सहलीला आलेले तीन विद्यार्थी इथे बुडाले होते. हे ऐकल्यावर अव्वा गप्प झाल्या. आता मुलांचे खेळ राहिलेच, असे मला वाटले.

दुपारी चारच्या सुमारास मालपेच्या किनाऱ्यावर परत आलो तेव्हा वारा चांगलाच वाढला होता. दुपारपर्यंत जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा धावतो. किनाऱ्यावर जेट स्की होती, बनाना बोट होती. पण पंधरा वर्षांच्या आमच्या लेकीला करायचे होते पॅरासेलिंग. होडीला दोर बांधून छत्रीसकट माणसाला हवेत उडवायचे, असा तो खेळ. यांनी पैसे पुढे केले. होडीवाल्याने आधी आकाशाकडे पाहिले, मग लाटांकडे, आणि पैसे परत केले. "आज वारा फार आहे. उद्या सकाळी नऊला या," म्हणाला. लेकीचे डोळे भरून आले. ती आजीकडे पाहत म्हणाली, "तुमच्या मनासारखे झाले ना, अव्वा?"

अव्वा त्या होडीवाल्याकडेच पाहत होत्या. त्यांनी विचारले, "बाळा, तू पोहायला कधी शिकलास?" तो म्हणाला, "पाच वर्षांचा होतो, अम्मा. वडिलांनी शिकवले."

रात्री खोलीवर अव्वा आपणहून बोलल्या. मी घरात आल्यापासून दिरांचे नाव त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. त्या दिवशी घेतले. म्हणाल्या, "हातात आलेले पैसे सोडून नको म्हणतो, म्हणजे त्याला पाणी कळते. त्या दिवशी खाणीवर नको म्हणणारे कुणी नव्हते. आणि पोरांना पाणी कळत नव्हते. मीही शिकू दिले नव्हते."

सकाळी नऊला आम्ही किनाऱ्यावर होतो. वारा मंद होता. होडीवाल्याने जॅकेटचा प्रत्येक पट्टा दोनदा ओढून पाहिला. लेक वर गेली आणि बघता बघता पतंगाएवढी झाली. अव्वांचे ओठ हलत होते. ती खाली उतरली तेव्हा तिला घ्यायला त्या पुढे गेल्या, आणि लाट घोट्यांवरून गेली तरी मागे सरल्या नाहीत.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पावसाळ्यात बेटाकडे होड्या सुटत नाहीत; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. बेटावर मुक्कामाची सोय नाही. वाऱ्याचे खेळ सकाळीच उरकावेत आणि होडीवाला नको म्हणाला तर हट्ट धरू नये.

परत आल्यावर दोन्ही मुलांची नावे पोहण्याच्या वर्गात घातली. अव्वा रोज बरोबर जातात आणि काठावरच्या बाकावर बसतात. मुले पाण्यात असेपर्यंत त्या कुणाशी बोलत नाहीत. भीती गेलेली नाही. पण 'नीराग इळीब्याड' हे शब्द घरात परत ऐकले नाहीत.