तेवीस तासांचे बूट

आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये हाडांच्या ओपीडीचा आठवड्यातला एक दिवस वळलेल्या पायांच्या बाळांसाठी राखलेला असतो. त्या दिवशी बाकावर बसलेल्या बायांच्या मांडीवर जांघेपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलेली तान्ही पोरं दिसतात, आणि शेजारच्या रांगेतली हातपाय मोडलेली मोठी माणसं हळहळतात, "एवढ्याशा जिवाचं हाड मोडलं तरी कसं?" सांगून सांगून माझं उत्तर पाठ झालंय. मोडलेलं काही नाही. पाऊल जन्मतः आत वळलंय, क्लबफूट म्हणतात त्याला. साधारण हजार बाळांमागे एखाद्याला असतो, मुलींपेक्षा मुलांना जास्त.

लेकीचं पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती. नातू तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात झाला. दोन्ही तळवे एकमेकांकडे वळलेले, टाचा वर ओढलेल्या. सिस्टरनं दुपट्यात गुंडाळण्याआधीच आम्हाला दाखवलं आणि केसपेपरवर लिहिलंही. तिनं लिहिलं नसतं, तर घरी आल्यावर जे सल्ले सुरू झाले त्यात आमचे पहिले महिने गेले असते.

विहीणबाईंचा पहिला प्रश्न, "ग्रहणात काही चिरलं-कापलं होतं का हिनं?" लेक ओली बाळंतीण, तिच्या डोळ्यांना धार लागली. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलेलं. म्हटलं, विहीणबाई, ग्रहण साऱ्या गावाला लागलं होतं, पाय एकाच बाळाचे कसे वळले? त्या गप्प झाल्या, पण पटलं नव्हतं. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींचा तर दावाच होता : महिनाभर तेल लावून ओढते, सरळ होतात का नाही बघा. मावशींचा हात खरंच चांगला. त्यामुळेच घरातल्यांना मोह होत होता. पुढे सिव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे असं का होतं याचं नेमकं कारण अजून पुरतं कळलेलं नाही, घराण्यातून काही अंशी येत असावं. पण आईनं काही केल्यानं किंवा खाल्ल्यानं होत नाही. हे वाक्य मी त्यांना विहीणबाईंसमोर पुन्हा म्हणायला लावलं.

घरभेटीला आलेल्या आशाताईंनी आरबीएसकेच्या डॉक्टरांना फोन लावला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम असं लांबलचक नाव आहे त्याचं, 2013पासून चालू आहे. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पोरं तपासायला येतं. शाळेत असताना मी त्यांना कंटाळलेली असायचे, कारण तास बुडायचा. जन्मतः असणाऱ्या नऊ दोषांची त्यांची यादी आहे : फाटलेले ओठ-टाळू, हृदयाचे दोष, मोतीबिंदू, बहिरेपणा वगैरे, वळलेले पाय त्यातलेच. त्यांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही सिव्हिल गाठलं.

तिथे आठवड्याला एक प्लास्टर घालत पाय सरळ करतात. पॉन्सेटी नावाच्या मूळच्या स्पॅनिश डॉक्टरांनी अमेरिकेतल्या आयोवात ही पद्धत गेल्या शतकाच्या मध्याला बसवली. तेव्हा मोठमोठी ऑपरेशनं करण्याची रीत होती, म्हणून कित्येक वर्षं तिकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. ऑपरेशन केलेले पाय पुढे ताठर व्हायचे, दुखायचे; मग सगळे हिच्याकडे वळले. कृती दिसायला अगदी साधी. बाळाला पाजत ठेवायचं, म्हणजे ते पाय सैल सोडतं. डॉक्टर घोट्याच्या बाहेरच्या अंगाला पुढे आलेल्या हाडावर अंगठा टेकवतात आणि दुसऱ्या हातानं पाऊल हळूहळू बाहेर नेतात. बाळ रडत नाही, दूध ओढत राहतं. पाऊल जिथवर आलं तिथं धरायचं, कापसाची पट्टी गुंडाळायची, वर ओलं प्लास्टर, गुडघा काटकोनात. आठवड्यानं ते भिजवून सोडायचं आणि आणखी थोडं पुढे न्यायचं. पाच-सहा प्लास्टरांत तळव्याचा बाक आणि आतलं वळण जातं. टाच सगळ्यात शेवटी. ती आधीच खाली दाबायला गेलं तर पाऊल मधेच वाकतं, असं डॉक्टर शिकाऊ पोरांना दर वेळी बजावायचे.

घरी आमचं काम बोटं बघण्याचं. नख दाबलं की पांढरं व्हावं, सोडलं की गुलाबी. बोटं प्लास्टरच्या आत जायला लागली तर प्लास्टर घसरलंय, त्याच दिवशी निघायचं. अंघोळ बंद, नुसतं पुसून घ्यायचं. मावशी रोज येऊन डोकं आणि पाठ तेवढी चोळून जायच्या, नाराज होऊन.

मग टाचेमागची शीर कापणं. नाव ऐकूनच जावयांचा चेहरा उतरला. जागा बधिर करून, बारीक पात्यानं, टाका न घालता आटपलं, आणि वर ओढलेली टाच डॉक्टरांच्या हातात खाली उतरली. शेवटचं प्लास्टर तीन आठवडे. तेवढ्या काळात कापलेली शीर पुन्हा जुळून वाढते, आधीपेक्षा लांब.

इथवर सारं डॉक्टरांच्या हातात होतं. पुढचं आमच्या. दांडीला जोडलेले दोन बूट देतात, तोंडं बाहेर वळवलेली. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, नंतर चार-पाच वर्षांचा होईतो रात्री आणि दुपारच्या झोपेला. पाय सुंदर सरळ झालेले, बाळ रात्रभर किंचाळतंय, आणि घरातला प्रत्येक जण म्हणतोय, आजच्या दिवस काढ गं, लेकरू हैराण झालंय. बूट सुटले की पाय परत वळतात, आणि बहुतेक पाय याच पायी परत वळतात. रांगेत सात वर्षांचा एक मुलगा भेटला. वर्षाचा असताना चालायला लागला म्हणून त्याचे बूट माळ्यावर टाकलेले. आता पुन्हा प्लास्टर, नंतर शीर एका बाजूची दुसरीकडे बसवायचं ऑपरेशन. त्याची आई उसाच्या तोडीवर जाते. टोळीबरोबर कारखान्यावर सहा महिने असलेल्या बाईनं बूट बदलायला सिव्हिलला कसं यावं, हे मला कुणी सांगावं.

विहीणबाईंना मी त्या मुलाशेजारीच बसवलं. त्यानंतर त्या माझ्याहून कडक झाल्या. जावयांनी एकदा लग्नघरी फोटोपुरते बूट काढायचं सुचवलं, तर त्यांनाच दटावलं.

उपचार मोफत, हे खरं. पण एसटीची दोन माणसांची तिकिटं, स्टँडपासून रिक्षा, बुडालेला रोज, हे कुठल्या कागदावर येत नाही. पोराचा पाय वाढतो, बूट लहान होतात, आणि कधी मोठ्या मापाचे आलेलेच नसतात, "पुढच्या आठवड्यात या." पाऊल वळवायला तज्ज्ञ हवा, तो जिल्ह्यालाच असणार, त्याबद्दल तक्रार नाही. माप घेऊन बूट हातात द्यायला मात्र तज्ज्ञ लागत नाही. ते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठेवता येतील, आरबीएसकेच्या गाडीतून अंगणवाडीपर्यंतही येतील. मागच्या वेळी पथक आलं तेव्हा मी त्यांच्या डॉक्टरीणबाईंना हे अर्ज करून दिलंय, पोच घेऊन.