भीष्माचे मौन आणि शक्तिमानचे येणे

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या, तेव्हा एक विलक्षण योग जुळून आला. बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' (१९८८-९०) आणि 'शक्तिमान' (१९९७-२००५) एकाच उन्हाळ्यात घरोघरी परतले, आणि दोहोंत नट एकच : मुकेश खन्ना. रायगडच्या किनाऱ्यावरील आमच्या घरात दुपारी शक्तिमान आणि संध्याकाळी भीष्म असा क्रम लागला होता. द्यूतसभेचा भाग पूर्वी पाहिलेला होता. पण दुपारी ज्याला संकटात झेपावताना पाहिले, तोच संध्याकाळी सभेत निश्चल बसलेला पाहून मन अस्वस्थ झाले.

रूपा गांगुलींची द्रौपदी सभेतील ज्येष्ठांना जाब विचारते. भीष्मांपाशी अजिंक्य बळ आहे, इच्छामरणाचा वर आहे. महानायकाची सारी लक्षणे आहेत. तरी ते उठत नाहीत. मूळ महाभारतातही ते धर्माच्या सूक्ष्म गतीकडे बोट दाखवून थांबतात. बळ नसणे ही त्यांची शोकांतिका नव्हेच. ते बळ सिंहासनापाशी गहाण पडलेले आहे.

शक्तिमान हे या दृश्याला लोकप्रिय कल्पनेने दिलेले उत्तर आहे, असे मला वाटते. गंगापुत्राच्या जागी इथे गंगाधर येतो : एका वृत्तपत्रातील वेंधळा छायाचित्रकार, ज्याला दरबारात कुठलेच आसन नाही. आणि म्हणूनच तो धावून जाऊ शकतो. किल्विष या खलनायकाच्या नावात पापवाचक 'किल्बिष' हा संस्कृत शब्द ऐकू येतो. पाप बाहेर उभे राहिले, त्याला चेहरा मिळाला, की त्याच्याशी लढणे सोपे होते. द्यूतसभेत मात्र पाप आप्तांच्या पंक्तीत बसलेले असते.

या उत्तराची किंमत मात्र मुलांकडून मागितली गेली. मालिका गाजत असताना, शक्तिमान वाचवायला येईल या विश्वासाने मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या आल्या. त्या बातम्या खऱ्या नव्हत्या, असे खन्ना यांनी पुढे अनेकदा सांगितले. तरीही पडद्यावरून मुलांना बजावावे लागलेच की, या करामतींचे अनुकरण करू नका. समग्र मालिकेतील सर्वांत नाट्यमय क्षण मला हाच वाटतो. नायक कथेबाहेर येतो आणि सांगतो, मी येणार नाही. आपण साहित्याचे अभ्यासक अशा मुलांना भाबडे वाचक म्हणून मोकळे होतो. वास्तविक कथेने दिलेला शब्द त्यांनीच खरा मानला होता. आपण मोठे तो कधीच खरा मानत नाही, आणि म्हणून निर्धास्तपणे टाळ्या वाजवतो. शक्तिमान येणार हे ठाऊक असले की आपल्याला उठण्याचे कारण उरत नाही. प्रेक्षकाचे आसन भीष्माच्या आसनाहून फार वेगळे नसते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या वाड्यांतील नारळी-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. पोफळ लावल्यावर फळ धरायला वर्षे लागतात. पिढ्यांची मिळकत काही तासांत जमिनीवर आली. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे काळोखात राहिली. अंधार कायम राहो, ही किल्विषाची घोषणा पोरे एप्रिलमध्ये हसत ओरडत होती. जूनमध्ये तिचा उच्चार कोणी केला नाही.

रस्त्यावर पडलेली झाडे तोडायला पहिल्याने आली ती आसपासचीच माणसे, हाती कोयते-कुऱ्हाडी घेऊन. त्यांत ज्यांची स्वतःची वाडी उरली नव्हती तेही होते. त्यांना महानायक ठरवण्याचा मोह मी टाळतो. तसे केले की पुन्हा आपली सुटका होते. त्यांच्यापाशी भीष्माच्या बळाचा शतांशही नव्हता. पण त्या सकाळी कोणी कोणाला धर्माची गती विचारली नाही. वाट बंद होती, आणि पलीकडे माणसे होती.