जनुकाआधी बांधी मोजा

गोंदिया जिल्ह्यात मनोविकारांच्या आनुवंशिकतेवर पीएच.डी. करायची म्हटली की पहिली धाव रक्ताचे नमुने गोळा करण्याकडे जाते. ही सवय सिकलसेलने लावली. बीटा ग्लोबिन जनुकातले एक अक्षर बदलते आणि आजार ठरतो. रक्ताचा थेंब टाकलेली नळी रेघांच्या कार्डापुढे धरायची. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या की सिकल हिमोग्लोबिन आहे हे कळते. मनोविकाराला अशी नळी नाही, आणि ती पुढे मिळेल असे मला वाटत नाही. स्किझोफ्रेनियावरचा २०२२ साली प्रसिद्ध झालेला जागतिक अभ्यास सुमारे ७६ हजार रुग्णांवर उभा होता. त्यात जनुकसंचातली २८७ ठिकाणे सापडली, आणि त्यांतले बहुतेक बदल जोखमीत जेमतेम भर घालणारे. २०११च्या जनगणनेनुसार गोंदियाची लोकसंख्या १३ लाख २२ हजार. शंभरात एक रुग्ण धरला तरी अख्ख्या जिल्ह्यात तेरा हजार होतात. एकच संशयित जनुक निवडून तपासण्याची पळवाटही आता बंद आहे: २००३ साली गाजलेल्या सेरोटोनिन-वाहक जनुकासह नैराश्याची अठरा प्रसिद्ध जनुके २०१९ मध्ये मोठ्या विदेवर तपासली गेली, तेव्हा ती कोणत्याही इतर जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत.

खरी अडचण मात्र आकड्यांपलीकडची आहे. पोवार, कोहळी, गोंड, हलबा, ढिवर हे समाज पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यातच सोयरीक करत आले, त्यामुळे जनुकांमधल्या बदलांचे प्रमाण समाजागणिक थोडे वेगळे असणार. पण जमीन, तलाव, जंगल आणि मासेमारी यांची वाटणीही बरीचशी त्याच रेषांवर झाली आहे. समजा, सालेकसाच्या जंगलातल्या गावांत गोरेगावच्या धानपट्ट्यापेक्षा नैराश्य जास्त आढळले. मग जंगलातल्या गावांत जास्त दिसणारा कोणताही निरुपद्रवी बदल ‘नैराश्याचा जनुक’ म्हणून वर येईल, आणि एका समाजावर प्रयोगशाळेचा शिक्का बसेल. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा रक्तात असतो असे मानून काय केले, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. वंशपरंपरेचा फरक गणिताने वजा करता येतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण वंश आणि जमीन हातात हात घालून चालत असतील तर ती वजाबाकी जमिनीचा परिणामही खाऊन टाकते. सख्ख्या भावंडांची तुलना त्याहून बरी, कारण आईबापांची कोणती प्रत कोणाच्या वाट्याला आली हा निव्वळ योगायोग असतो. मात्र तिला नमुना आणखी मोठा लागतो.

म्हणून क्रम उलटा असावा. माणसाचा डीएनए दहा वर्षांनी काढला तरी तोच निघेल. यंदाच्या रोवणीत सात महिन्यांच्या पोटुशी बाईने किती दिवस बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, चिखलात वाकून काम केले, काय खाल्ले, नवरा किती महिने परमुलखात मजुरीला होता, सोसायटीचे कर्ज किती थकले, हे पुढच्या वर्षीही नीट सांगता येणार नाही. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. तिच्या ऐन भरात गर्भ राहिलेल्या मुलांत पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. हे कळू शकले, कारण शिध्याच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गरोदर बायांचे खाणे आणि अंगमेहनत मोजली. जास्त कष्ट करणाऱ्या बायांची बाळे लहान भरली, हे त्यातूनच पुढे आले. त्या मुलांचा अभ्यास आजही चालू आहे आणि जनुकांचे प्रश्नही त्यांना विचारता येतात, ते या पायामुळेच.

जुळ्यांच्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता ८० टक्क्यांच्या आसपास येते, मग परिसरावर एवढा वेळ का घालवायचा, असे कोणी म्हणेल. तो आकडा एका समूहातल्या, त्या काळच्या परिस्थितीतल्या फरकांबद्दल बोलतो. एखाद्याच्या आजारातला जनुकांचा वाटा तो सांगत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला तो होत नाही. शिवाय जुळ्यांचे हे अभ्यास मुख्यतः युरोपातले. रोवणीच्या हंगामावर अख्खे वर्ष तोलणारी गावे त्यांत नव्हती. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक विकारांचे ७० टक्क्यांहून जास्त रुग्ण उपचाराविना होते, तिथे संशोधनाची चैन कशाला? याला सैद्धांतिक उत्तर नाही. पाहणीत सापडलेल्या रुग्णाला डॉक्टरपर्यंत पोचवण्याची सोय आराखड्यातच नसेल, तर नीतिसमितीने तो आराखडा परत पाठवावा. ती सोय असेल, तर चार वर्षांत एखाद्या तालुक्यातल्या दोन हंगामांची चोख नोंद हाती येईल. प्रबंधात जनुकांचे प्रकरण नसेल, आणि परीक्षकांनी ते मागूही नये.