बाबांची गाडी आणि दीड बादली पाणी

मुलांनो, प्रवासवर्णन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? महाबळेश्वर, कोकण, फार तर काश्मीर! आज मात्र मी तुम्हाला फक्त तीन मजले खाली नेणार आहे. जिन्यानं या नाहीतर लिफ्टनं या, तिकीट नाही!

पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमची सोसायटी आहे. एका अंगाला खडकवासल्याहून येणारा कालवा, दुसऱ्या अंगाला मुठा नदी आणि मध्ये इमारतीच इमारती. आमच्या इमारतीच्या पोटात पार्किंग आहे. खांबच खांब, त्यांवर पिवळे-काळे पट्टे, कोपऱ्यात मुलांच्या जुन्या सायकली, आणि दुपारी बारालाही असतो तसा थोडा अंधार. तिथं नवव्या खांबाशेजारी बाबांची लाल मारुती ८०० उभी असते.

चालवते मी, पण गाडी बाबांची. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, वाई डेपोला. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी जुनीच घेतली, आणि रंग मुद्दाम एसटीचा निवडला असं आई चिडवायची. मारुती ८०० पहिल्यांदा रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरात, आणि २०१४ साली ती बनायचीच थांबली. म्हणजे आता तिच्यासारखी दुसरी नवी मिळणार नाही.

गावच्या घरी अंगण होतं, विहीर होती. रविवारी बाबा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाइप धरायचे. गाडी न्हायची, अंगण न्हायचं, जास्वंदीला पाणी मिळायचं आणि आम्हीही भिजायचो. आई गेल्यावर बाबा आमच्याकडं राहायला आले, गाडीही आली. अंगण आणि विहीर मात्र आणता आली नाही! बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे ते फारसे खाली उतरत नाहीत. पण दर रविवारी चहाचा कप खाली ठेवला की प्रश्न ठरलेला, "गाडी पुसलीस का गं?"

पहिल्या रविवारी मी वॉचमनकाकांच्या केबिनजवळच्या नळाला पाइप लावला. शेजारची गाडी नुकतीच पुसून चकचकीत झालेली, तिच्यावर मी सगळा चिखल उडवला. शिवाय डोक्यावरच पाटी होती, 'पाइपने गाडी धुण्यास सक्त मनाई'. एरवी वर्गात 'पाट्या वाचाव्यात' असं मी सांगत असते!

दुसऱ्या रविवारी घरून बादली भरून नेली. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो वजन, हे पाठ्यपुस्तकात सोपं वाटतं. लिफ्टमध्ये पाणी सांडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये शिरता शिरता थबकल्या आणि म्हणाल्या, "आज लिफ्टला अंघोळ का?"

म्हणून तिसऱ्या रविवारी मी पाणीच नेलं नाही. शेजारी नवीन इमारतीचं बांधकाम चालू होतं, गाडीवर पांढरट धूळ बसलेली. मी कोरडं फडकं घेतलं आणि गोल गोल, जोर लावून बॉनेट घासून काढलं. चमकलं! मी खूष. संध्याकाळी गाडी बाहेर काढली, तिरपं ऊन बॉनेटवर पडलं, आणि पोटात धस्स झालं. सगळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे. मी माझ्या हातानं पाडलेले. बाबांना मी काहीच सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, पण सांगितलंही नाही. तुम्हाला यातला फरक माहीत असेल.

आमच्याकडं रोज पहाटे पाचला गाडी पुसणारे मामा येतात. साडेसातपर्यंत बावीस गाड्या पुसून होतात, मग ते दुसऱ्या सोसायटीत जातात. आपण उठतो तेव्हा त्यांचा अर्धा दिवस झालेला असतो. मी मुद्दाम पाचला खाली गेले. त्यांनी बॉनेटवर टॉर्च मारला.

"बाई, ही धूळ नव्हती, रेती होती. कोरडी घासली म्हणजे तुम्ही गाडीला पॉलिशपेपरच लावलात."

"जातील का हो हे?"

"कंपाउंड लावून घासलं तर जातील. पण त्यात रंगाचा थरही थोडा जातो. जुनी गाडी, रंग आधीच पातळ. मी तर नाही करणार."

मग त्यांनी मला गाडी पुसायला शिकवलं. आणि एक गोष्ट अगदी मोकळेपणानं सांगितली. ते म्हणाले, "मला बावीस गाड्या असतात. प्रत्येकीला नवं पाणी घेत बसलो तर नऊ वाजतील. म्हणून माझ्या हातूनही ओरखडे पडतात. तुमची एकच गाडी आहे. तुम्ही नीट करा."

तर ऐका. आधी धूळ भिजवायची, मगच फडकं लावायचं. पाइप नाही, मग भिजवायची कशी? हे कोडं माझ्या चौथीच्या मुलांनी सोडवलं. शाळेच्या बागेत आम्ही बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून रोपांना पाणी घालतो ना, तीच बाटली! टपावरून हळूहळू झारीसारखं पाणी सोडायचं. पाच मिनिटं थांबायचं. पक्ष्यांची घाण असेल तर तिच्यावर ओलं फडकं नुसतं ठेवून द्यायचं, ती आपोआप सुटते. नखानं खरवडायची नाही.

बादल्या दोन घ्यायच्या. एकीत गाडीचा शाम्पू घातलेलं पाणी, दुसरीत साधं. फडकं साबणात बुडवायचं, पुसायचं, मग साध्या पाण्यात खळबळून पुन्हा साबणात. म्हणजे रेती साध्या पाण्याच्या तळाशी राहते. भांड्यांचा साबण वापरू नका, तो गाडीवरचं मेणही धुऊन नेतो. सुरुवात टपापासून, मग काचा, मग बॉनेट, मग दारं, आणि चाकं सगळ्यांत शेवटी, तीही वेगळ्या फडक्यानं. कारण सगळ्यांत जास्त रेती खाली असते. शेवटी मऊ, कोरड्या मायक्रोफायबर फडक्यानं टिपायचं. त्याची चौपदरी घडी केली की दोन्ही बाजू मिळून आठ स्वच्छ भाग मिळतात. मोजून बघा!

गंमत म्हणजे या कामाला आमचं अंधारं पार्किंग गावच्या अंगणापेक्षा बरं. उन्हात थेंब पटकन सुकतात आणि पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके मागं राहतात. सावलीत पुसायला वेळ मिळतो.

हल्ली दुकानांवर 'कार डिटेलिंग' अशा पाट्या दिसतात. म्हणजे सांदीकोपऱ्यातली बारीक सफाई. ती माझा मुलगा करतो. जुना टूथब्रश आणि रंगाचा मऊ ब्रश घेऊन तो डॅशबोर्डच्या फटींत शिरतो. मागच्या सीटखाली त्याला एसटीचं जुनं तिकीट सापडलं, ते त्यानं आजोबांना नेऊन दिलं. दोनतीन महिन्यांनी मेणाचं पॉलिश लावतो, अगदी पातळ, सुकून धुरकट दिसलं की पुसून टाकायचं.

आता हिशेब. आमच्या पाइपनं पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते. वीस मिनिटं पाइप चालू ठेवला तर किती पाणी जाईल? २४० लिटर, म्हणजे सोळा बादल्या! आम्हाला लागतं दीड बादली. रंगाच्या रिकाम्या डब्यात आणतो, झाकण घट्ट लावून. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आता निश्चिंत आहेत.

उरलेलं घाण पाणीही त्याच डब्यातून वर नेऊन बाथरूममध्ये ओततो. का, ते वॉचमनकाकांनी दाखवलं. पार्किंगच्या कडेला जाळी आहे. तिच्यातलं पाणी पावसाळी गटारात जातं, गटार नाल्याला, नाला मुठेला. मध्ये गाळणं नाही, काही नाही. साबण, तेल, मेण, सगळं तसंच नदीत! आणि नदी आमच्यापासून लांब नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर आमच्याच रस्त्यावरच्या एकतानगरीत ती पार्किंगमध्ये शिरली होती आणि तिथल्या गाड्या बुडाल्या होत्या.

मुलानं नकाशाच काढला. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढं भीमेला. भीमा उजनी धरणात जाते, तिथंच भिगवणला थंडीत रोहित पक्षी येतात. मग पंढरपूर, मग कर्नाटक. तिथं तेलंगणाच्या सीमेवर भीमा कोणाला मिळते?

"कृष्णेला," बाबा म्हणाले. वाईची कृष्णा! ते बराच वेळ नकाशावर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "घाटाच्या खाली आम्ही बैल धुवायचो, ट्रॅक्टर धुवायचो. ही गाडीसुद्धा एकदोनदा नेली होती. तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही." थोड्या वेळानं त्यांनी काठी मागितली. "चला, खाली."

लिफ्टनं उतरून, भिंतीला धरत धरत ते नवव्या खांबापर्यंत आले. गाडी आम्ही नुकतीच पुसली होती. बाबांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि सावकाश फिरवला. त्यांना आता नीट दिसत नाही, पण हाताला कळतं. मी श्वास रोखून उभी.

"कोरड्या फडक्यानं घासलीस ना?"

"हो बाबा. उन्हाळ्यात. सांगितलं नाही तुम्हाला."

"मला पार्किंगच्या दिव्यात दिसणार नाही असं वाटलं होय?" ते हसले. मग वाकून दाराच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला काळी रेघ.

"हे राहिलंय. आण ते चाकांचं फडकं इकडं."