ड्राइव्ह-इन शोभेल ते माळावर

जत

चि. मनीषास,


तुझं पत्र पोचलं. बीकेसीच्या जिओ ड्राइव्ह-इनमध्ये पोरांना गाडीत बसून सिनेमा दाखवलास, धाकटा मध्येच रडला तरी कुणी वळून बघितलं नाही, हे वाचून बरं वाटलं. पण शेवटी 'मामा, तुमच्या जतला असलं काही नाही' असं लिहिलंयस, त्याला उत्तर देणं भाग आहे.

ही युक्ती अमेरिकेतली. रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसाने ६ जून १९३३ रोजी न्यू जर्सीत कॅम्डेनजवळ असं पहिलं थिएटर उघडलं. गाड्यांच्या रांगा चढावर उभ्या करायच्या, म्हणजे पुढच्याच्या टपावरून मागच्याला पडदा दिसतो. याचं त्याने पेटंट घेतलं. तान्ह्या पोरांसकट सगळं घर यावं, हीच त्यातली मेख. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथे अशी चार हजारांवर थिएटरं होती, आज काही शेच उरलीत. घरोघरी टीव्ही आला हे खरंच, पण जागेनेही त्यांचा घात केला. शहरं वाढली, भाव चढले, आणि रात्रीच्या एखाद-दुसऱ्या खेळासाठी एवढी जमीन अडवणं मालकांना परवडेना.

आपल्याकडे अहमदाबादला १९७३ साली सनसेट ड्राइव्ह-इन सुरू झालं. वांद्र्यातही एक होतं, ते बंद पडलं. तुझं हे नोव्हेंबर २०२१मधलं, २९० गाड्यांचं, आणि तेही गच्चीवर! मुंबईत जमिनीवर एवढी जागा आणायची कुठून?

आता जतचं बघ. ड्राइव्ह-इनला मोकळा माळ, काळोख आणि कोरडं आभाळ लागतं. पाऊस नाही म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या रडतो, पण सिनेमावाल्याला तेच तर हवं असतं. म्हणून तर मार्गशीर्षात यल्लम्माची यात्रा भरली, खिलार जनावरांचा बाजार लागला, की टुरिंग टॉकीजचे तंबू उभे राहायचे. प्रोजेक्टर ट्रकमध्येच बसवलेला, तिथूनच झोत पडद्यावर जायचा. बाया एकीकडे, बाप्ये दुसरीकडे. आम्ही बैलगाडीने जायचो. भाकरी, धपाटे, शेंगांची चटणी बांधून घेतलेली असायची. संख-उमदीकडची कानडी मंडळी शेजारी बसायची. त्यांच्यातलं एखादं शाळकरी पोर आजीला गोष्ट कानडीत सांगत असायचं आणि आजीचे प्रश्न संपायचे नाहीत.

एरवी सिनेमाला जाते म्हटलं, तर तुझ्या आजीला घरातून परवानगी मिळाली नसती. देवीला निघालीय म्हटल्यावर कोण अडवणार? दर्शन झालं, बांगड्या भरल्या, की पुढे तंबूच. आमच्या घरातल्या बायकांना सिनेमा दाखवला तो यल्लम्माने.

तंबूचे गोडवे फार गात नाही. धूळ होती, शिट्ट्या होत्या, गर्दीत बायांना अंग चोरून बसावं लागायचं. तुझ्या गाडीत बाई निर्धास्त बसते, हे मोठंच सुख. पुढे रिळं गेली, डिजिटल आलं, हातात मोबाइल आले आणि तंबू विरळ झाले. या फिरत्या सिनेमावाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली थेट कानच्या महोत्सवात पोचला. मिळाला तर पोरांना दाखव.

दोन कामं सांगतो. आमच्या आक्काला गुडघ्यांमुळे थिएटरच्या पायऱ्या चढवत नाहीत. पुढच्या खेपेला तिला गाडीत घालून ने. आणि यात्रेला आलीस की इथल्या नगरपरिषदेतल्या तुझ्या वर्गमित्रांच्या कानावर घाल: यात्रेनंतर रिकाम्या माळावर उन्हाळाभर एक पडदा आणि दोन कर्णे लावायला फार पैसा लागत नाही. फक्त मोटारीची अट नको. ट्रॅक्टरची ट्रॉली, पिकअप, मोटारसायकल, जे घेऊन माणूस येईल ते आत सोडा.

तुझा,
मामा