टोनी आयोमीची दोन बोटं

रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असं आपल्याकडे बऱ्याच जणांचं ठाम मत आहे. असू दे. पण त्या गोंगाटामागची एक गोष्ट ऐकाच.

टोनी आयोमी. जन्म १९४८, बर्मिंगहॅम. सतराव्या वर्षी शीट मेटलच्या कारखान्यात कामाला. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं म्हणून नोकरी सोडलेली, आणि तो शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचं मनात नव्हतं, पण आईने पाठवलं. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला तिथे उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. पठ्ठ्या डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच!

डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. कारखान्यातल्या साहेबाने मात्र त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. १९२८ च्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, तरी तो असा वाजवायचा!

मग आयोमीने जे केलं ते आमच्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात, तर बँजोच्या पातळ तारा लावल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मध्ये तर काही गाण्यांत तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तार सैल, बोटाला त्रास कमी. आणि आवाज? एकदम खर्जातला, जड. ब्लॅक सबाथचा तो आवाज पुढे हेवी मेटलच्या कितीतरी बँडांनी उचलला, दहाही बोटं शाबूत असताना!

आता इथे 'संकट हीच संधी' छापाचं काहीतरी लिहायचा मोह होतो. मला ते पटत नाही. प्लास्टिकच्या टोपणाला तार जाणवत नाही. बोट कुठे पडलंय ते कानानेच ओळखायचं, आणि तेही जन्मभर. संकटाने त्याला काही दिलं नाही, फक्त घेतलं. मिळवलं ते त्याने स्वतः, एकेक जुगाड करत. श्रेय प्रेस मशीनला कशाला द्यायचं?

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजले. १७ दिवसांनी ऑझी गेला. त्या रात्री आयोमी ७७ वर्षांचा होता. डॉक्टरांनी 'विसर' म्हटल्याला साठ वर्षं होत आली होती.